तोडणीचा भाव सगळे सांगतात, काटक्या कोण उचलणार?



आज पीकपाण्याचं नाही लिहीत. काटक्यांचं लिहितो. वाचून कोणाला राग आला तर येऊ द्या, अर्धा राग मला माझाच आलेला आहे.

मागच्या महिन्यात संत्र्याच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. साहेब चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. सल कशी ओळखायची, वाळलेल्या फांदीच्या खाली थोडं हिरव्यात येऊन काप कसा घ्यायचा, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री औषधात का बुडवायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. सगळं बरोबर. आणि शेवटी एक ओळ, "छाटलेल्या फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात." लगेच पुढची स्लाइड.

मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, नष्ट म्हणजे नेमकं काय करायचं? अन् कोणं करायचं?"

लोकं हसले. साहेबही हसले. म्हणाले, "काका, ते तुमच्या सोयीनं."

माझ्या सोयीचा हिशेब त्यांना तिथं सांगता आला नाही, तो इथं सांगतो. कृषीचे पुष्कळ साहेब लोक हे पान वाचतात, त्यांनीही वाचावा.

माझा दोन एकर संत्रा, २२० झाडं. मागच्या साली आंबिया तुटल्यावर टोळी लावून सल काढली. झाडं दोन-तीन वर्षं हात न लावलेली होती, त्यामुळं माल भरपूर निघाला. टोळीचा भाव झाडामागं ४० रुपये. झाले ८,८००. मी गावभर सांगत फिरलो, चाळीसात छाटणी उरकली म्हणून. टोळी गेली. बागेत पाहतो तर चालायला जागा नाही. प्रत्येक झाडाखाली काटेरी फांद्यांचा खच. वखर चालत नाही, ड्रीपच्या नळ्या दिसत नाहीत. मग चार बाया तीन दिवस लावल्या फांद्या गोळा करायला, ३०० रुपये रोजानं ३,६००. ट्रॅक्टरच्या ११ खेपा झाल्या, ४०० रुपये खेप, ४,४००. झाले ८,०००. म्हणजे झाडामागं ३६ रुपये. माझी चाळीसची छाटणी खरी शहात्तरची होती.

हा छत्तीस रुपयांचा आकडा कुठंच नाही. टोळीच्या भावात नाही, प्रशिक्षणात वाटलेल्या लागवड खर्चाच्या तक्त्यात नाही, आणि बाग ठोक्यानं देताना आपण व्यापाऱ्यापुढं जो खर्च सांगतो त्यातही नाही. छाटणी, फवारणी, खत, मजुरी, सगळ्याला ओळ आहे. काटक्यांना ओळ नाही. ज्या खर्चाला ओळ नसते तो शेतकऱ्याच्या पाठीवर जातो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला बोलायचा मला हक्क नाही.

त्याच्या आदल्या साली एकाच एकराची छाटणी केली होती. तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून मी आणि घरची, दोघांनी सगळ्या फांद्या ओढून नाल्याच्या काठाला नेऊन टाकल्या. मनात म्हटलं, वाळतील तशा पाहू. उन्हाळा गेला, पाहिलं नाही. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि सगळा ढीग नाल्यात उतरला. खाली अर्ध्या किलोमीटरवर रपटा आहे, त्याखाली सिमेंटचे दोन पाइप. काटेरी फांद्या एकदा पाइपाच्या तोंडात अडकल्या की त्यांच्यावर गवत, पालापाचोळा, प्लास्टिक, जे येईल ते बसतं. पाणी तुंबलं आणि बाजूच्या सोयाबीनमधून वाट काढून गेलं. वीस-बावीस दिवसांचं सोयाबीन, अर्धा एकर गाळाखाली.

शेतवाला सकाळी माझ्या घरी आला. भांडला नाही. हातात एक फांदी होती, ती ओट्यावर ठेवली. कात्रीनं सरळ कापलेली, संत्र्याची. म्हणाला, "भाऊ, नाल्याच्या वरच्या अंगाले संत्रा कोणाचा हाय, तुमीच सांगा."

वरच्या अंगाला संत्रा फक्त माझा आहे. मी खाली मान घातली. पैसे देतो म्हटलं तर घेईना. शेवटी अर्धी बॅग बियाणं आणि दुबार पेरणीचा एक दिवस मी दिला. तो माणूस आजही बोलतो माझ्याशी, पण आधी बांधावर बसून तंबाखू मळायचा, तसा आता बसत नाही.

म्हणून "तुमच्या सोयीनं" हा शब्द मला टोचला. मी माझ्या सोयीनंच केलं होतं.

आता कोणी म्हणेल, आमच्या बापजाद्यांनी कधी काटक्यांचा हिशेब केला नाही. खरं आहे. त्यांना करावाच लागला नाही. मी लहान असताना धुऱ्यावरची बाभूळ छाटली तर संध्याकाळपर्यंत जमिनीवर काटकी राहत नव्हती. बाया मोळ्या बांधून न्यायच्या, उलट आधी विचारायच्या, "दादा, तोडणार कधी?" पऱ्हाटी, तुराटी, सगळ्याच्या गंजी घरामागं लागायच्या. रामनवमीला इथं पोहरादेवीला देशभरातून तांडे यायचे, जागोजागी चुली पेटायच्या, सरपणाला गिऱ्हाईक असायचं. काटकी हा कचरा नव्हताच, तो माल होता. तोडणारा कमी मजुरीत यायचा, कारण अर्धी मजुरी त्याला काटकीत मिळायची.

२०१६ साली १ मे ला उज्ज्वला सुरू झाली, घरोघरी सिलेंडर आलं. चांगलं झालं, धुरानं डोळे गेलेल्या बाया मी घरात पाहिल्या आहेत. आंघोळीच्या पाण्याला अजूनही चूल पेटते, सिलेंडर संपलं की पेटते, ते मला कोणी सांगायची गरज नाही. पण त्याला जाड लाकूड चालतं, सुटसुटीत, बिनकाट्याचं. संत्र्याची काटेरी फांदी घरी न्यायला आज बोलावूनही कोणी येत नाही. म्हणजे माल होता त्याचा कचरा झाला. भाव करायची रीत मात्र जुनीच राहिली. तोडणारा अजून "झाडामागं इतके" म्हणतो, आपण अजून तेवढंच ऐकतो. जो माल कधीकाळी आपोआप चालत जायचा त्याला आता पैसे देऊन पाठवावं लागतं, हे दोघंही तोंडातून काढत नाहीत.

कपाशीत हेच झालं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्या विदर्भाची जी वाट लावली ती सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून दरवर्षी सांगतात, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटून नष्ट करा. सल्ला शंभर टक्के बरोबर. पण तिथंही तोच शब्द, नष्ट.

आता ठेकेदाराचं सांगतो. नाव घेत नाही, आमच्या भागातलाच होता. धुऱ्यावर तीन जुन्या बाभळी होत्या, सावलीनं चार तासं पीक मारत होत्या. तो म्हणाला, "काका, एक रुपया देऊ नका, लाकूडच घेऊन जातो." मला वाटलं फुकटात काम झालं. दोन दिवसांत मशीननं बाभळी आडव्या केल्या, जाड लाकूड ट्रॉलीत भरलं आणि गेला. शेंड्याकडच्या काटेरी फांद्या तिथंच, धुऱ्यापासून शेतात वीस पावलं आतपर्यंत पसरलेल्या. फोन केला तर म्हणाला, "आपलं लाकडाचं बोलणं झालं होतं काका, काट्याचं नाही."

आणि तो खरं बोलत होता. काट्याचं बोलणं झालंच नव्हतं.

नंतर कळलं, काट्यावर लाकूड ३१ क्विंटल भरलं आणि ४०० रुपये क्विंटलनं गेलं. १२,४०० झाले. त्याचे मजूर, पेट्रोल, ट्रॅक्टर वजा जाता सहा-सात हजार त्याच्या खिशात राहिले असतील. राहू द्या, त्यानं मेहनत केली. माझ्या खात्यावर काय पडलं ते पाहा. दोन गडी तीन दिवस काटे गोळा करायला, २,४००. ट्रॅक्टरचे तीन पंक्चर. आणि बैलाच्या खुरात काटा मोडला, तो आठ दिवस बसून, ऐन वखरणीत. ज्याला मी फुकट समजत होतो ते झाड मी स्वतःच्या पदरचे पैसे घालून त्याला विकलं.

त्याच्या बाजूनंही एक गोष्ट सांगतो. पुढं एकदा चहाच्या टपरीवर भेटला तेव्हा मी त्याला बोललोच. तो म्हणाला, "काका, मी काटे उचलायचे धरून भाव सांगतलो ना, तर तुमी म्हनसान महाग हाय, अन् दुसऱ्याले बोलावसान. तो काटे टाकून जाते. मंग मी कायले उचलू?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपण सगळ्यात कमी भाव सांगणारा शोधतो, आणि सगळ्यात कमी भाव त्याचाच असतो जो कचरा आपल्याच शेतात सोडून जातो.

पुतण्या पुण्याला राहतो. त्यांच्या सोसायटीत झाडांच्या फांद्या छाटल्या, त्याचं बिल त्यानं मला दाखवलं. छाटणी वेगळी ओळ, कचरा उचलणं आणि वाहतूक वेगळी ओळ. शहरातल्या माणसाला जे रोख कळतं ते आपल्याला का कळू नये? तिथं जागा नाही म्हणून कळतं. आपल्याकडं नाला आहे, पडीक आहे, रस्त्याची कड आहे, म्हणून आपल्याला वाटतं जागा फुकट आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. भाव करताना दोन भाव करा. तोडणीचा वेगळा, उचलण्याचा वेगळा, आणि दोन्ही कुऱ्हाड लागायच्या आधी. लाकूड कोणाचं हे तिसरं बोलणं, तेही आधीच. मी आता मनगटाचा नियम लावतो. मनगटापेक्षा जाड ते लाकूड, त्याची किंमत होते, ते माझं. मनगटापेक्षा बारीक ती काटकी, तिचा खर्च होतो, तो कोण करणार ते ठरवायचं. ठेकेदाराला लाकूड हवं असेल तर काटकीसकट घ्यावं लागेल, नुसतं मलईवर बोट ठेवायचं नाही. आणि पैशाचा चौथा हिस्सा धुरा साफ झाल्यावर, त्याच्याआधी नाही. पहिल्यांदा बोललो तेव्हा एक जण उठून गेला. दुसरा थांबला.

उचलण्याचा भाव ट्रॉलीवर करायचा की रोजावर, यात पुष्कळ जण फसतात. मीही फसलो. काटकीची ट्रॉली भरलेली दिसते पण तिच्यात निम्म्याच्या वर हवा असते. फांद्या जशा पडल्या तशा फेकल्या की चार ढिगांतच ट्रॉली वर येते. माझ्या अकरा खेपा तशाच झाल्या, ट्रॅक्टरवाल्याला घाई नव्हती, त्याला खेपेचे पैसे होते. बुडखे एका बाजूला करून रचल्या, मोठ्या फाट्यांच्या खांडोळ्या केल्या, वरून एक माणूस तुडवत राहिला, तर सात-आठ खेपांत काम होतं असं मला आता वाटतं. म्हणून खेपेचा भाव ठरवला तर भरणारी माणसं आपली ठेवा. भरणारी त्याची असतील तर भाव पूर्ण कामाचा ठरवा, खेपेचा नाही. आणि ओल्या फांद्या लगेच नेऊ नका. आठ-दहा दिवस पानं गळू द्या, वजन आणि आकार दोन्ही उतरतात. रोगट असतील तर मात्र तेवढे दिवसही बागेत नको, बाहेर काढून वाळवा.

जाळायचं काय? गावात शंभरातले नव्वद हेच सांगतात. "जायून टाक ना भाऊ, कायले डोक्स्याले ताप." रोगानं मेलेल्या, खोडकिड्यानं पोखरलेल्या फांद्या मीही जाळतो, थोड्या-थोड्या, मोकळ्या जागेत, पाण्याचा ड्रम बाजूला ठेवून. तिथं माझा वाद नाही. पण सगळाच माल पेटवायचा म्हणजे काय ते उन्हाळ्यात धुऱ्यानं चालत जा म्हणजे कळेल. धुऱ्यावरचं गवत पेटतं, गवतावरून शेजाऱ्याची तुराटीची गंजी पेटते, ड्रीपची नळी वितळते, पन्नास वर्षांचा कडुनिंब बुडापासून भाजतो. ढीग पेटतो तिथली माती पुढचे दोन हंगाम वेगळी दिसते. आणि जे जळतं ते आपण खताच्या बॅगेतून विकत घेतलेलं असतं.

यंदा मी श्रेडर लावून पाहिला. दुसऱ्या गावच्या एकाकडं ट्रॅक्टरवर चालणारा आहे, तासाला ९०० रुपये. पाच तास चालला, ४,५००. फांद्या भरायला तीन गडी, १,२००. फांद्या बाहेर न्यायच्या नव्हत्या, फक्त ओळीच्या टोकाला आणायच्या होत्या, म्हणून चार बाया दोनच दिवस, २,४००. बेरीज करा, ८,१००. म्हणजे पैसे वाचले नाहीत, शंभर रुपये जास्तच गेले. यूट्यूबवर श्रेडरनं पैसे वाचतात असं सांगणाऱ्यांना हे माझं उत्तर. पण तीन ट्रॉल्यांचा ढीग एका ट्रॉलीच्या आत बसेल एवढा झाला, आणि तो सगळा बागेतच राहिला. झाडाखाली अंथरला. उन्हाळ्यात ड्रीपच्या खालची माती पाहा, आच्छादन आहे तिथं आणि नाही तिथं, हात घातला की फरक कळतो.

त्यातही दोन चुका करू नका, मी पहिली करता करता वाचलो. आच्छादन बुंध्याला टेकवू नका. एक हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंध्याशी ओल धरून डिंक्याला आपणच आवतण देतो. दुसरं, हा कच्चा भुसा मातीत गाडू नका. लाकूड कुजायला नत्र खातं, आणि ते आपल्या झाडाच्या तोंडचं खातं. वर राहू द्या, शेणकाला शिंपडा, त्याच्या गतीनं कुजू द्या. उधईवर नजर ठेवा. रोगट फांद्या श्रेडरमध्ये घालूच नका, त्यांचा ढीग छाटतानाच वेगळा पडला पाहिजे. नंतर वेगळा करू म्हणाल तर कोणी करत नाही.

एक कायद्याचं, घाईत सांगतो. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूडवाला म्हणतो, "ते मी पाहतो." तो पाहत नाही. सातबाऱ्यावर नाव आपलं असतं, जाब आपल्याला द्यावा लागतो. म्हणून कोणतं झाड त्याच्या हवाली करतो ते आधी पाहा.

आता साहेब लोकांसाठी. तुमचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. छाटणी सांगता तेव्हा एकरी किती ट्रॉली काडी निघते ते एकदा तुमच्या प्रक्षेत्रावर मोजून सांगा. झाडाचं वय पाच, दहा, पंधरा, प्रत्येकाचं वेगळं निघेल. ती उचलायला किती माणूस-दिवस लागतात ते सांगा. लागवड खर्चाच्या तक्त्यात छाटणीखाली एक ओळ वाढवा. अवजारांच्या अनुदानात श्रेडर आहे हे मला माहीत आहे. पण दोन एकरवाला दोन दिवसांच्या कामासाठी श्रेडर घेणार नाही, घेऊही नये. तो गावात भाड्यानं मिळाला पाहिजे, आणि डिसेंबर-जानेवारीत मिळाला पाहिजे, मार्चमध्ये नाही. फांदी पूर्ण वाळून लाकूड झाल्यावर मशीन येऊन काय उपयोग, पात्याची धार जाते आणि भाड्याचे तास वाढतात.

नाहीतर सरळ लिहा की "छाटलेल्या फांद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं बागेबाहेर न्याव्यात, खर्च छाटणीइतकाच येतो." वाचून निदान माणूस आधी पैसे बाजूला ठेवेल. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी नाल्यावर गेलो नसतो.

पुढच्या साली माझ्यासोबत आणखी चार जणं छाटणी एकाच आठवड्यात घेणार आहेत, म्हणजे श्रेडरवाल्याला एकदाच यायला परवडेल. नाल्याच्या खालच्या त्या शेतवाल्यालाही मी विचारलं. त्याच्याकडं संत्रा नाही, पण धुऱ्यावर कडुनिंब छाटायचे आहेत. पाहतो म्हणाला.

मानोरा, दिग्रस, कारंजा, मंगरूळपीर भागात तुमच्याकडं काटकी उचलायचा भाव काय चालतो ते सांगा. ट्रॉलीचा सांगाल तर ट्रॉली कोणाच्या माणसांनी भरली तेही लिहा.